तिसऱ्या सिलिंडरची स्प्रिंग

“बाबा, मुलींनी इंजिन उघडलेलं इंजिनाला चालतं का?”

मित्रांनो, हा प्रश्न माझा नाही बरं का! मी एक जुनी व्हॉल्व्ह स्प्रिंग आहे आणि स्प्रिंगांना प्रश्न विचारता येत नाहीत. मला बोलता आलं असतं, तर ही गोष्ट मध्येच कुठेतरी थांबली असती आणि आज तुमच्यासमोर मला असं मान खाली घालून उभं राहावं लागलं नसतं.

प्रश्न विचारला सृष्टीने. ती नववीत आहे. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण शेफाली आणि वर्गातला समर्थ यांनी तिला डिवचलं होतं. “गॅरेजवाल्याची मुलगी म्हणून एवढी शायनिंग मारतेस ना? मग विचार बघू बाबांना! आहे हिंमत?” सृष्टीला कुणी हिंमत आहे का म्हणून विचारलं, की संपलंच. शाळा सुटल्यावर ती तडक वारज्यातल्या त्यांच्या गॅरेजवर आली. ते दोघं शटरच्या आडोशाला उभे राहून खुसखुसत होते.

तिचे बाबा, म्हणजे सुदर्शन मिस्त्री, एका शाळेच्या व्हॅनची पुढची सीट उचलून तिच्या खालच्या इंजिनावर वाकले होते. वर न बघताच म्हणाले, “इंजिनालाच विचार. नाही म्हणालं तर मला सांग.”

बाहेरची खुसखुस बंद झाली. बाबांनी खांद्यावरचं फडकं तिच्याकडे फेकलं. “आणि आधी केस बांध.”

अशी आमची ओळख झाली. कारण त्या इंजिनात, तिसऱ्या सिलिंडरवर, मी बसले होते.

आता थोडं माझ्याविषयी सांगते. माझा जन्म भोसरीतल्या एका कारखान्यात झाला. त्याआधी मी पोलादाची लांबच लांब तार होते, कुणाची कोण हे मलाच ठाऊक नव्हतं. एका यंत्राने मला गरागरा वळवलं, पट्कन तोडलं आणि मी मी झाले. मग भट्टीत तापवलं. मग अंगावर बारीक लोखंडी छर्ऱ्यांचा असा मारा केला की विचारू नका! त्याने म्हणे अंग घट्ट होतं आणि लवकर तडा जात नाही. सगळ्यात शेवटी मला पार जमिनीला टेकेपर्यंत दाबलं आणि सोडून दिलं. जी पुन्हा होती तेवढी उंच उभी राहील, ती पास. मी टुणकन उभी राहिले. त्या दिवशी माझी मान काय ताठ होती म्हणून सांगू!

माझं काम काय, तर दार मिटणं. हसू नका. इंजिनात सिलिंडर नावाच्या खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीला दारं असतात. एका दाराने हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसऱ्याने धूर बाहेर जातो. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. भुईछत्री उलटी धरली तर कशी दिसेल, तसा व्हॉल्व्ह दिसतो. खाली पसरट डोकं, वर लांब दांडी. शेजारी एक दांडा फिरत असतो, त्याच्यावर उंचवटे असतात. तो कॅम. उंचवटा फिरत आला, की व्हॉल्व्ह खाली ढकलला जातो आणि दार उघडतं. पण मिटणार कोण? कॅम तर दार उघडं टाकून पुढे निघून जातो. तुमच्या घरातही असेल असं कुणीतरी! तेव्हा व्हॉल्व्हच्या दांडीभोवती बसलेली मी त्याला खस्सकन वर ओढते आणि दार गच्च मिटते. दार गच्च मिटलं, तरच आतल्या भडक्याचा जोर पिस्टनला मिळतो आणि गाडी पळते. व्हॅन जोरात असली, की हे मी एका सेकंदात वीस-पंचवीस वेळा करायचे. उघडणाऱ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. मिटणारीचा कुणाला पत्ताही नसतो. पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. काम चोख होतं ना, मग झालं.

व्हॅन मथुराबाईंची. त्या वारजे गावठाणातल्या. जमिनीवर इमारती आल्यावर त्यांनी एक व्हॅन घेतली आणि स्वतः चालवायला शिकल्या. नऊवारी नेसून, चष्मा लावून त्या शाळेची मुलं बावधनला नेऊन सोडतात. मुलं त्यांना आजी म्हणतात आणि सुदर्शन मिस्त्री मावशी. त्यांच्या हाताखाली माझी वर्षं छान गेली. इंजिन गरम व्हायच्या आत त्या कधी जोर लावायच्या नाहीत. मग एका वर्षी त्यांचा गुडघा सुजला आणि गाडी एका बदली ड्रायव्हरच्या हाती गेली. त्याला गिअर बदलायचा कंटाळा. चढावर दुसऱ्याच गिअरमध्ये इंजिन किंचाळेपर्यंत पळवायचा. ऑइल काळंकुट्ट होऊन घट्ट झालं तरी बदललं नाही. त्या उष्णतेत माझ्यातलं काहीतरी हळूहळू बसत गेलं. बाहेरून दिसत नव्हतं. मलाच कळत होतं, की आपण आता पूर्वीएवढ्या उठत नाही.

चांदणी चौकाच्या चढावर ते उघडं पडलं. मथुराबाईंनी जोर दिला आणि मी मागे पडले. मी दार मिटायच्या आतच कॅम पुन्हा दारात हजर! व्हॉल्व्ह अधांतरी. इंजिन खोकलं, फट्फट् केलं, गाडी थांबली. सगळी पोरं दप्तरं घेऊन रस्त्याच्या कडेला उतरली. एक छोटी मुलगी म्हणाली, “आजी, गाडीला बदाम द्या ना!” सगळे हसले. मी त्या तापलेल्या इंजिनात बसून शरमेने आणखी तापले. एवढ्याशा पायांना माझ्यामुळे चढ चढावा लागला.

मथुराबाई दुसऱ्या दिवशी गॅरेजवर आल्या. “सुदर्शन, हिला दमा झालाय बघ. हळू असली की गुमान चालतीय, जरा जोर दिला की धापा टाकतीय.”

सुदर्शन मिस्त्रींच्या कानाची वारज्यात ख्याती आहे. कसबा पेठेतलं जुनं गिऱ्हाईकसुद्धा अजून एवढ्या लांब गाडी घेऊन येतं, ते या कानासाठी. गॅरेजच्या दारावर पाटी आहे, ‘येथे इंजिनाचे काम खात्रीने केले जाईल’. त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, “मावशी, स्प्रिंगा थकल्यात. सगळ्या बदलू. दसऱ्याची सुट्टी आहेच, शाळा उघडेपर्यंत गाडी तयार.”

थकल्यात! मला वाटलं, भर वर्गात कुणीतरी माझा निकाल मोठ्याने वाचला.

तर या कामाच्या सुरुवातीलाच सृष्टीने तो प्रश्न विचारला होता. सुट्टी लागली आणि ती रोज सकाळी केस बांधून हजर! पहिलं सिलिंडर बाबांनी करून दाखवलं. कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे रॉकर काढून ठेवले होते, सगळे प्लगही काढले होते.

“आता सांग,” बाबा म्हणाले, “व्हॉल्व्हला वर कोण धरून ठेवतं?”

“स्प्रिंग.”

“मग स्प्रिंग काढली की?”

सृष्टीने वाकून प्लगच्या भोकात डोकावलं. “अय्या! तो खाली पडेल? सिलिंडरमध्ये?”

“पडेल. मग व्हॉल्व्ह बसलेलं हे वरचं अख्खं हेड उतरवायचं आणि आपण आपलं तोंड लपवायचं. म्हणून आधी ही.” त्यांनी पेटीतून एक सुती दोरी काढली. प्लगच्या भोकातून ती आत सारत गेले, शेवटचं टोक तेवढं बाहेर ठेवलं. मग इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. पिस्टन वर आला आणि दोरीचा गोळा व्हॉल्व्हखाली गच्च बसला.

“म्हणजे दोरीची उशी!”

“उशी म्हण, गादी म्हण. काम होईपर्यंत काढायची नाही, एवढं लक्षात ठेव.”

मग त्यांनी स्प्रिंग दाबायचं हत्यार लावलं. ते दाबलं, की स्प्रिंगवरची टोपी खाली जाते आणि दांडीच्या खाचेत बसलेले दोन चिमुकले अर्धगोल तुकडे मोकळे होतात. त्यांना लॉक म्हणतात. नखाएवढे असतात, पण सगळा भार त्यांच्यावर. ते लोहचुंबकाने अलगद उचलायचे, मग टोपी, मग स्प्रिंग, मग दांडीवरचं रबरी सील. नवं सील बसवायचं. नवी स्प्रिंग ठेवताना दाट वळशांची बाजू खाली, विरळ वर. टोपी ठेवून दाबायचं, लॉकना चिमूटभर ग्रीस लावायचं म्हणजे ते जागेवर चिकटून राहतात, आणि हत्यार सावकाश सैल करायचं. शेवटी हातोड्याच्या लाकडी मुठीने वर टक्‌ करून बघायचं. नीट बसलं नसेल तर तेव्हाच उडेल, गाडी चालताना नाही.

सृष्टीने पहिलंच लॉक उडवलं. ते कुठे गेलं म्हणून दोघं जमिनीवर ओणवे झाले. चुंबक फिरवला, फडकी झटकली. शेवटी बाबांनी गार झालेला चहा तोंडाला लावला आणि थांबले.

“सृष्टी, चहात साखर कमी आहे. लोखंड मात्र पुरेसं आहे.”

ती इतकी हसली, की समोरच्या दुकानातले लोक बघायला लागले. पण दुसऱ्या सिलिंडरपर्यंत तिचा हात बसला. एकही लॉक उडालं नाही. पान्हा मागताना बाबा आधी तिच्या हाताकडे बघायचे आणि मान हलवायचे. त्या मान हलवण्यावर ती घरी जाताना एकेक पायरी सोडून उड्या मारत जायची.

अष्टमीच्या संध्याकाळी माझी पाळी आली. बाबांनी दोरी आत घातली तेव्हा सृष्टी बाहेर फोनवर शेफालीशी बोलत होती. त्यांनी मला काढलं आणि नव्या स्प्रिंगशेजारी फळीवर उभं केलं. मित्रांनो, मी तिच्यापेक्षा बुटकी होते. वर पट्टी आडवी धरली, तर ती माझ्याकडे उतरती झाली. शिवाय मी एका बाजूला किंचित कललेही होते. सृष्टी फोन कानाला तसाच धरून आत आली, माझ्याकडे वाकून बघत म्हणाली, “अगं बाई, ही तर आपल्या पीटीच्या सरांसारखी उभी आहे!” मला फळीत शिरावंसं वाटलं.

नवं सील लावायला घेतलं, तर मापाचं निघालं नाही. नाना पेठेतलं दुकान एव्हाना बंद झालेलं. “राहू दे,” बाबा म्हणाले. “उद्या खंडेनवमी. हत्यारांना सुट्टी. दसऱ्याला पूजा झाली की सील आणतो आणि बसवतो.” व्हॉल्व्ह दोरीच्या उशीवर तसाच राहिला. दोरीचं काळं, तेलकट टोक प्लगच्या भोकातून बाहेर लोंबत होतं.

निघताना त्यांना चष्मा सापडेना. सृष्टीची आई रुपाली खराडीच्या ऑफिसातून परस्पर गॅरेजवरच आली होती. ती म्हणाली, “अहो, कपाळावर आहे. तिसऱ्यांदा या आठवड्यात.” सगळे हसले. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

खंडेनवमीला गॅरेजमध्ये कुणी पान्ह्याला हात लावत नाही. लावायचा तो धुवायला आणि कुंकू लावायला. दुपारी बाबा झेंडू आणायला मंडईत गेले होते. सृष्टीने शेफालीला आणि समर्थला बोलावलं आणि सगळी सूत्रं आपल्या हातात घेतली. “आज इथे एकही वस्तू मळकी राहता कामा नये!” पान्हे, पक्कड, हातोडे, सगळं रॉकेलमध्ये बुडवून, पुसून, पाटावर ओळीने मांडलं. तिने मलासुद्धा पुसलं आणि पाटाच्या कडेला ठेवलं. माझ्या टोकाला कुंकू लावलं. माझ्यासारख्या टाकाऊला! मला इतका मान आयुष्यात मिळाला नव्हता.

मग तिच्या मनात आलं, की मथुराआजींची व्हॅन शेडच्या बाहेर काढावी, म्हणजे पुढे रांगोळी काढता येईल आणि हार घातल्यावर फोटो छान येतील. तिघांनी जोर लावला. व्हॅन हलेना. गाडी गिअरमध्ये होती आणि इंजिनात दोरी अडकलेली होती, मग हलणार कशी? मला ते माहीत होतं. मी पाटावरून जिवाच्या आकांताने ओरडत होते, आणि माझा आवाज माझ्यातच वळसे घेत होता.

“चाक जाम झालंय,” समर्थ म्हणाला. त्यांनी गाडी जरा मागे रेटली. ती वीतभर मागे सरकली आणि थांबली. त्या वीतभरात आतली दोरी सैल झाली.

सृष्टीने हात पुसायला फडकं शोधत व्हॅनची सीट उचलून पाहिली. तिला ते लोंबणारं टोक दिसलं. “ईऽऽ! हीच राहिली धुवायची!” आणि तिने दोरी सरसर ओढून बाहेर काढली. क्षणभरही थांबली नाही. उशी, गादी, काढायची नाही, सगळं तिच्या डोक्यात होतं, पण त्या वेळी तिथे फक्त पाट, फुलं आणि फोटो होते. तिने दोरी साबणाच्या पावडरीने खसाखसा धुतली, उन्हात वाळवली आणि सुंदर वेटोळं करून माझ्या शेजारी ठेवली.

“चला, आता एकदा! हिंमत है तो धक्का मारो!”

या वेळी व्हॅन हलली. अंगणाला थोडा उतार आहे. ती जड जड पुढे सरकली, आणि सरकता सरकता आतून आवाज आला. खट्‌.

“बघा! दुसऱ्यांदा लावला तो खरा जोर!” सृष्टी दंड दाखवत म्हणाली. एवढ्यात ती थबकली. “कसला आवाज आला गं?” तिने विचारलं. शेफाली म्हणाली, “खडा असेल चाकाखाली.” आणि त्यांनी रांगोळीचा डबा उघडला.

बाबा झेंडूची पिशवी घेऊन परतले. बाहेर काढलेली व्हॅन, रांगोळी, चकाकणारे पान्हे बघून तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आपलं गॅरेज आहे ना हे? की मी चुकून दुसरीकडे आलो?”

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली, नारळ फुटला. नाना पेठेतून सील घेऊन बाबा व्हॅनपाशी गेले. सीट उचलली, बॅटरी मारली आणि तसेच वाकून राहिले. व्हॉल्व्हची दांडी जागेवर नव्हती. त्यांनी इंजिन हाताने फिरवून पाहिलं. ते अर्ध्यात अडलं. व्हॉल्व्ह आत पडून वाकला होता.

ते सावकाश सरळ झाले आणि त्यांची नजर पाटाकडे गेली. धुतलेल्या दोरीवर झेंडूचं फूल होतं.

“सृष्टी, ही दोरी कुठे होती गं?”

मित्रांनो, मी तिच्या अगदी जवळ होते. तिला त्या क्षणी सगळं कळलं. तो खट्‌, तो दुसऱ्यांदा लावलेला खरा जोर, सगळं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. शाळा उघडल्यावर शेफाली काय म्हणेल, समर्थ कसा हसेल, आणि बाबा पुन्हा इंजिनाला हात लावू देतील का, हे सगळं तिच्या डोळ्यांतून धावत गेलं. मग ती एकच शब्द बोलली.

“पेटीत.”

बाबांनी मान हलवली. पण ते नेहमीचं मान हलवणं नव्हतं. “बरोबर. आत असती, तर गाडी जागची हललीच नसती. पिस्टन अडकला असता. म्हणजे मी घातलीच नव्हती, व्हॉल्व्ह नुसता काजळीने चिकटून राहिला असेल.” त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. “मला मात्र शपथेवर वाटत होतं, की घातली.”

त्यांनी मथुराबाईंना फोन लावला. त्या शेजारच्याच आळीतून चालत आल्या. बाबा उभे राहिले, हात मागे बांधून, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे. “मावशी, चूक माझी. दोरी घालायला विसरलो. आता हेड उतरवावं लागेल. शाळा उघडेल तेव्हा पोरांना मी दुसरी गाडी बघून देतो.”

मथुराबाईंनी व्हॅनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “जाऊ दे रं. मशिनबी थकतीय, माणूसबी थकतोय. तुझंबी आता वय झालंय.” त्या चांगल्या मनाने बोलल्या होत्या. पण ते ऐकून बाबा असे हसले, की मला माझी कललेली बाजू आठवली. थकल्यात, असं माझ्याविषयी म्हटलं गेलं तेव्हा ते खरं तरी होतं!

मथुराबाई गेल्या. सृष्टीने मला पाटावरून उचललं आणि मुठीत धरलं.

दुपारी घरात श्रीखंड-पुरी होती. गॅरेजच्या वरच त्यांचं घर. बाबा जेवायला बसायच्या आधी खाली जाऊन आले आणि येताना स्प्रिंग दाबायचं हत्यार बरोबर घेऊन आले. वर्षानुवर्षं त्याच खिळ्याला लटकलेलं. ते वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले.

“अहो, हे काय?” रुपाली म्हणाली.

“माळवाडीत दशरथ आहे ना, त्याला देऊन टाकतो. पोरगा चांगलं काम करतो.”

“आणि तुम्ही?”

“मी ऑइल बदलीन. ब्रेक बघीन. इंजिनाचं काम आता नाही घ्यायचं.” ते अगदी साध्या आवाजात बोलत होते, जणू उद्या दूध किती घ्यायचं ते सांगताहेत. “चष्मा विसरलो, ठीक आहे, घरातल्या घरात आहे. उद्या ब्रेकचा नट विसरलो तर? त्या गाडीत पोरं बसतात, रुपाली. पाटी पण पुसून घेतो. खात्रीने म्हणे!”

रुपालीने त्यांच्या ताटात एक पुरी वाढली. ती त्यांनी बाजूला सारली.

टेबलाखाली सृष्टीची मूठ माझ्यावर आवळत होती. माझे वळसे एकमेकांना टेकले, तरी ती दाबतच होती. मला तिची लाज वाटत होती, आणि तिच्याइतकीच माझीही. तिसऱ्या सिलिंडरवर मी माझं काम नीट करत राहिले असते, तर ही व्हॅन इथे आलीच नसती. कानावर भरवसा ठेवून जगणारा एक माणूस माझ्यासमोर आपलं हत्यार कागदात गुंडाळत होता, आणि त्याच्या हातून काही चुकलंच नव्हतं! हे खोलीतल्या दोघींनाच ठाऊक होतं. एक मी. मला तोंड नाही. आणि दुसरी ती.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. गाडीचं ऑइल वेळेवर बदला, थंड इंजिनाला छळू नका, आणि आमच्यासारख्या थकल्या तर आम्हाला खुशाल बदला, आम्ही रागावणार नाही. पण जो थकलेला नाही, त्याला थकलेला ठरवून बाजूला ठेवू नका. निदान आपलं झाकण्यासाठी तरी नको. लोखंडाला नवं लोखंड मिळतं. माणसाच्या हातातला भरवसा कुठल्या दुकानातून आणायचा?

वर्तमानपत्राला दोरा बांधायला बाबांनी कात्री मागितली. सृष्टीने मूठ उघडली. मला तिने टेबलावर, श्रीखंडाच्या वाटीशेजारी उभं केलं. तिच्या तळहातावर माझे वळसे लाल उमटले होते. ती उठून उभी राहिली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदाच असा लहान ऐकला, पण तो थांबला नाही.

“बाबा, तो कागद सोडा. दोरी तुम्ही घातली होती. ती पेटीत नव्हती, सिलिंडरमध्ये होती. मी ओढून काढली, मी धुतली, आणि मग तुमच्याशी खोटं बोलले. आधी गाडी हलतच नव्हती, शेफालीला विचारा, समर्थला विचारा. तुम्ही काहीही विसरला नाहीत.” तिने आईकडे पाहिलं, मग पुन्हा बाबांकडे. “संध्याकाळी सोनं द्यायला मी सगळ्यात आधी मथुराआजींकडे जाणार आहे. पाया पडून त्यांना हे मीच सांगणार. आई, तू बरोबर येऊ नकोस. आणि उद्या हेड उतरवायला मी बसणार. तुम्ही हात लावू दिला नाहीत, तर बॅटरी धरून उभी राहीन. पण ते हत्यार आत्ताच्या आत्ता खाली जाऊन मी परत खिळ्याला लावणार आहे.”